पेट्रोलचा कॉक खांद्यामागे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरी विमान बनवणाऱ्यांवर अर्धं पान आलं होतं. फोटो झकास होता, लाँग-ईझी विमानाचा, नाक जमिनीला टेकलेलं. पण फोटोखाली लिहिलंय की अपघातानंतरचं विमान. साहेब ते पडलेलं नाहीये, पार्क केलंय! त्या जातीची विमानं अशीच उभी करतात, पुढचं चाक आत ओढून घ्यायचं आणि नाक टेकवून ठेवायचं. कारण इंजिन मागे असतं, पायलट उतरला की पुढचं वजन गेलं, मग विमान मागे कलंडून प्रॉपेलरवर बसायची भीती. आपल्याकडे बैल सोडल्यावर गाडीचं जू जमिनीला टेकवतात ना, तसंच.

एवढंच असतं तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. पण पुढे लेखात म्हटलंय की छोटा पंख पुढे आणि मोठा मागे अशा उलट्या रचनेमुळे १९९७ साली अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर गेले, आणि गॅरेजमध्ये किट जोडून बनवलेल्या विमानाचं दुसरं काय होणार. हे वाचून सकाळचा चहा गार झाला माझा.

मी काही पायलट नाही की इंजिनियर नाही. भोसरीला माझं फायबरचं छोटं वर्कशॉप होतं, तीस एक वर्षं पाण्याच्या टाक्या, टपऱ्यांची छपरं, टेम्पोचे बंपर, मखरांचे साचे असलं सगळं केलं, आता धाकटा भाऊ बघतो. लेक असते कॅलिफोर्नियात लिव्हरमोरला, सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभरावर. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आम्ही दोघं सहा महिने गेलो, बायकोला काम होतं आणि मला काडीचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गॅरेजमधून ओळखीचा आवाज आला, लांब पट्टीवर पॉलिशपेपर लावून फायबर घासल्याचा. हा आवाज मी झोपेत पण ओळखतो. कुंपणावरून डोकावलो तर दोन गाड्यांच्या गॅरेजात एक पंख नसलेलं विमान आणि त्याला घासत बसलेला सत्तरीचा माणूस. तेव्हापासून आमची गट्टी. त्याचं नाव पेपरात नको, मी त्याला शेजारीबुवा म्हणतो. त्याचं विमान म्हणजे कोझी मार्क फोर, चार सीटचं, लाँग-ईझीवरूनच नॅट पफर नावाच्या माणसाने, लाँग-ईझी ज्यांनी काढलं त्या बर्ट रुटान यांची परवानगी घेऊन काढलेलं डिझाइन. बुवाचं तेव्हा सातवं वर्ष चालू होतं.

आणि किट बिट काही नसतं हो ह्यात! प्लॅन विकत मिळतात, म्हणजे ड्रॉइंगचा गठ्ठा आणि पायरी पायरीने काय करायचं त्याचं पुस्तक. बाकी फोम, काचेचं कापड, इपॉक्सी (सुकून कडक होणारं रेझिन) आपण आणायचं आणि आपल्या हाताने करायचं. अमेरिकेत नियमच आहे की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं पाहिजे, शिकण्यासाठी नाहीतर हौसेसाठी, तरच ते घरगुती म्हणून नोंद होतं.

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो म्हणजे, साचा कुठेय? आमच्या धंद्यात आधी साचा, साच्याला वॅक्स, मग जेलकोट, मग मॅट आणि रेझिन, साच्याशिवाय फायबरवाला म्हणजे हातोडीशिवाय लोहार. इथे साचाच नाही. निळा फोम घ्यायचा, आपल्या थर्मोकोलचा जरा घट्ट भाऊ समजा, तो गरम तारेने पंखाच्या आकारात कापायचा, वरून काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवायचं, आणि फोम आतच राहू द्यायचा कायमचा. एकच विमान बनवायचं तर साच्याचा खर्च कशाला, असा सरळ हिशोब. घरी बनवणाऱ्यांसाठी ही पद्धत रुटान यांनी रुळवली आणि मी तीस वर्षं फायबरमध्ये घालवून हे मला कधी सुचलं नाही ह्याची खरं सांगतो लाज वाटली. अर्थात फुकट काही मिळत नाही, साच्यातून निघालेला पीस आयता गुळगुळीत असतो, इथे तो गुळगुळीतपणा घासून घासून मिळवायचा, महिनोन् महिने.

आता माझी फजिती पण सांगतो. पहिल्याच आठवड्यात मी भोसरीच्या तोऱ्यात बुवाला म्हटलं, इपॉक्सीला एवढे पैसे कशाला घालवतोस, साधं पॉलिएस्टर रेझिन वापर की, निम्म्यात काम होईल. तो हसला आणि एका डब्यातलं थोडं पॉलिएस्टर मला दिलं, फोमचा एक तुकडा दिला, म्हटला लाव. लावलं. दोन मिनिटात फोम असा विरघळायला लागला जसा पावसात गुळाचा खडा, खाली भोक. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन हा फोम खातं. गुपचूप ग्लोव्हज घातले आणि म्हटलं शिकव बाबा.

गरम तारेचं काम दोन माणसांचं असतं. फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, पट्टीवर आकडे लिहिलेले, तारेची एक बाजू त्याच्या हातात दुसरी माझ्या. टोकाकडची पट्टी लहान आणि बुडाकडची मोठी, त्यामुळे दोघांचा वेग वेगळा पण आकडा एकच पाहिजे, म्हणून एकाने मोठ्याने आकडे म्हणायचे. मी म्हणायचो. पहिले दहा इंग्रजीत नीट जायचे आणि मग तोंडातून अकरा, बारा, तेरा यायला लागायचं आपोआप, आणि बुवा थांबायचा, तार तिथेच राहिली की फोममध्ये खळगा. शेवटी त्यानेच मराठी आकडे पाठ केले, चाळीसपर्यंत. एकोणतीसला अडखळायचा, पण त्याला मी दोष देत नाही, आमचा नातू पण अडखळतो.

कापड चढवताना दोघांची भांडणं व्हायची. आमच्याकडे जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबूत अशी समजूत, गिऱ्हाईकाला पण जाड दिसलं की बरं वाटतं. इथे उलटं, ताकद काचेत असते, रेझिन फक्त धरून ठेवायला, म्हणून रबरी पट्टीने ओढून ओढून जादा रेझिन बाहेर काढायचं. कापड पांढरट दिसलं म्हणजे हवा राहिली, आरशासारखं चमकलं म्हणजे रेझिन जास्त झालं, दोन्हीच्या मधलं, कापडाची वीण दिसेल इतपत, ते बरोबर. आणि कापडाचे धागे कुठल्या दिशेला ह्यावर सगळं अवलंबून, पंखाच्या लांबीत जाणारे वाकण्याला धरतात, तिरपे पंचेचाळीस अंशात टाकलेले पिळवटण्याला धरतात. प्लॅनमध्ये एकेका थराची दिशा दिलेली असते. सुकल्यावर आत कुठे थर सुटलाय का हे बघायला नाणं वाजवायचं सगळीकडे, टण टण आलं तर चांगलं, भद्द आलं तर तिथे पोकळ. हे मात्र मला कोणी शिकवायला नको होतं. बुवाच्या विमानाचा अख्खा उजवा पंख माझ्या खिशातल्या दोन रुपयाच्या नाण्याने तपासलाय, ते नाणं त्याने ठेवून घेतलं.

रंग पण पांढराच. त्याच्या बायकोला गडद निळा पाहिजे होता पण उन्हात गडद रंग तापतो आणि इपॉक्सी तापलं की मऊ पडतं, म्हणून नाही म्हणजे नाही.

बरं, आता उलट्या रचनेचं. पहिली गोष्ट, राइट बंधूंचं १९०३ चं विमान आठवा, त्यालाही छोटे पंख पुढेच होते. तेव्हा उलटं कोण हे ज्याचं त्याने ठरवावं. छोटा पंख पुढे असलेल्या ह्या रचनेला कॅनार्ड म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये बदक, मान पुढे ताणून उडणारं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साधं विमान फार हळू झालं, नाक फार वर गेलं, की पंखावरची हवा सुटते आणि उचल जाते, ह्याला स्टॉल म्हणतात, आणि त्यातच एक बाजू आधी पडली तर विमान गरगरत खाली. छोट्या विमानांचे किती जीव ह्यात गेलेत. कॅनार्डमध्ये पुढचा छोटा पंख मुद्दाम असा बसवतात की तो आधी दमेल. तो दमला की नाक आपोआप खाली येतं, खाली आलं की स्पीड वाढतो, परत उचलतो, परत दमतो, म्हणजे पायलटने नाक वर करायची काठी पोटापर्यंत ओढून धरली तरी विमान नुसतं मान हलवत राहतं, मोठा पंख हवा सोडत नाही. बर्ट रुटान हे एडवर्ड्स एअरफोर्स बेसवर फ्लाइट टेस्टचे इंजिनियर होते, विमानं कशी गरगरत पडतात हे त्यांनी जवळून पाहिलेलं, म्हणून तर ही रचना उचलली. म्हणजे ज्या गोष्टीला तुमच्या लेखाने खुनी ठरवलंय ती मुळात जीव वाचवायला आणलेली.

पण (आणि हा पण मोठाय) हे सगळं खरं कधी, तर पुढच्या पंखाची लांबी, कोन, आकार आणि विमानाचं वजन कुठे तोललंय हे सगळं प्लॅनप्रमाणे असेल तर. पुढचा पंख जरा जास्तच चांगला झाला, लांब झाला किंवा वजन फार मागे गेलं, तर आधी दमायचा तो दमतच नाही, मोठा पंख आधी सोडतो आणि विमान आडवंच्या आडवं खाली बसतं, त्यातून बाहेर यायला अवघड. कोझी मार्क फोरमध्येच टेस्टिंग करताना हे लक्षात आलं आणि पुढचा पंख काही इंच आखूड केला गेला. बघा, सुधारणा म्हणजे दरवेळी वाढवणं नसतं. आणि म्हणूनच मागे दांडगं इंजिन टाकायचा मोह झाला की त्याची किंमत पुढे नाकात शिसं भरून चुकवावी लागते.

रुटान यांची गोष्ट थोडक्यात सांगतो कारण तुमच्या लेखात त्यांचं नावच नव्हतं, म्हणजे वारीवर लिहायचं आणि तुकोबांचं नाव नाही. १९७२ ला त्यांचं पहिलं व्हेरीव्हिगन उडालं. १९७४ ला कॅलिफोर्नियात मोहावीच्या वाळवंटात दुकान टाकलं, १९७५ ला व्हेरीईझी आणि १९७९ ला लाँग-ईझी. १९८५ मध्ये त्यांनी प्लॅन विकणं बंद केलं पण तोपर्यंत प्लॅन जगभर गेले होते. १९८६ च्या डिसेंबरमध्ये त्यांचंच व्हॉयेजर, ते पण कॅनार्डच, कुठेही न थांबता आणि हवेत तेल न भरता अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून आलं, नऊ दिवसांत, आत भाऊ डिक रुटान आणि जीना यीगर. उडतानाच पंखांची टोकं धावपट्टीवर घासून तुटली होती तरी गेले. आणि माइक मेलव्हिल नावाच्या माणसाने घरी व्हेरीव्हिगन बनवलं, ते उडवत मोहावीला दाखवायला नेलं, तिथेच नोकरी लागली आणि त्याच माणसाने २००४ च्या जूनमध्ये रुटान यांचं अवकाशयान स्पेसशिपवन शंभर किलोमीटरच्या वर नेलं. घरी केलेल्या विमानाचं दुसरं काय होणार म्हणता ना, हे होतं.

पावसाचा किस्सा मात्र सविस्तर सांगायलाच पाहिजे. व्हेरीईझी आणि लाँग-ईझीच्या पुढच्या पंखाचा मूळ आकार ग्लासगो युनिव्हर्सिटीत काढलेला, फार गुणी, पण नाजूक. कोरड्या हवेत उत्तम, पाऊस लागला की पंखावर पाण्याचे थेंब बसायचे, वरून जाणारी हवा बिघडायची आणि पुढची उचल कमी होऊन नाक खाली जायला बघायचं, पायलटला काठी ओढून धरावी लागायची. सगळ्या विमानांना सारखा त्रास नाही, कोणाला जास्त कोणाला कमी, कारण प्रत्येकाच्या हाताची घासाई वेगळी. (मी लगेच मनात लोणावळ्याचा जुलै आणला आणि अंगावर काटा आला.) आता ही गोष्ट लपवता आली असती की नाही? रुटान यांचं कॅनार्ड पुशर नावाचं छापील वार्तापत्र निघायचं, प्लॅन घेतलेल्या लोकांकडे पोस्टाने जायचं, त्यात अशा गोष्टी उघड छापायचे, प्लॅनमध्ये कुठे चूक निघाली, कोणता बदल करायलाच पाहिजे, कोणाचा अपघात का झाला. मग पंखांचे आकार काढण्यातले जाणकार जॉन रॉन्झ यांनी नवीन आकार काढला जो पावसात पण धरून ठेवतो, लाँग-ईझीवाल्यांनी जुना पुढचा पंख काढून नवीन बनवला, पुन्हा फोम, पुन्हा तार, पुन्हा आकडे. ज्यांना एवढं करायचं नव्हतं त्यांनी पंखावर बारीक बारीक उभ्या पट्ट्या चिकटवल्या, त्याने हवा पंखाला धरून राहते. माझ्या लेखी सुधारणा म्हणजे ही. दोष कळला, सगळ्यांना सांगितला, नवीन करून बघितलं, पावसात नेऊन बघितलं.

दुसऱ्यांदा मी गेलो तेव्हा बुवाचं विमान उडायला लागलेलं, लिव्हरमोरच्याच विमानतळावर असतं. त्याला पहिले चाळीस तास एकट्यानेच उडवायचे होते, पॅसेंजर नाही, ठरलेल्या भागाबाहेर जायचं नाही, ते संपवून झाले होते. आता तो स्पीड वाढवायच्या मागे लागला होता. ह्या लोकांना वेडच असतं, एक एक नॉट स्पीडसाठी महिने घालवतात. पण पद्धत बघा. एका उड्डाणात एकच बदल, दोन कधीच नाही. वहीत तारीख, तापमान, उंची, वजन, इंजिनचे आरपीएम, आणि जीपीएसवर वेगवेगळ्या दिशांना उडून स्पीडची सरासरी, म्हणजे वाऱ्याने फसवायला नको.

त्याला संशय होता की मागे इंजिनच्या झाकणावरून हवा नीट वाहत नाहीये. तर त्याला पाहिजे होते लोकरीचे तुकडे, झाकणावर टेपने चिकटवायचे, विंगलेटवर (पंखाच्या टोकाचा उभा छोटा पंख) कॅमेरा, उडताना लोकर कुठे सरळ मागे जाते आणि कुठे थरथरते बघायचं. लोकर आमच्याकडे होती, नातवाच्या स्वेटरची उरलेली, पिवळी. बायको आधी देईना, मग दिली. रात्री जेवण झाल्यावर आम्ही सगळे टीव्हीवर तो व्हिडिओ बघत बसलो होतो, नातवाची लोकर दोनशे किलोमीटरच्या वर स्पीडने, बहुतेक तुकडे शहाण्यासारखे मागे, आणि खालच्या बाजूचे पाच सहा वेड्यासारखे उलटे पुढे तोंड करून. तिथे हवा सुटत होती. ते झाकण त्याने फोम लावून, घासून, परत कापड चढवून बदललं, पुढच्या व्हिडिओत लोकर सरळ.

सगळंच जमलं असं नाही. हवा आत घ्यायचं तोंड त्याने लहान केलं, स्पीड थोडा वाढला पण दोन सिलिंडर जास्त तापायला लागले, चार उड्डाणं झाल्यावर त्याने ते मुकाट्याने परत पहिल्यासारखं केलं. वहीत पुढे फक्त लिहिलं, जुनं तेच बरं. इग्निशन, म्हणजे इंजिनला ठिणगी द्यायची सोय, इलेक्ट्रॉनिक केलं तर एकच बाजू, दुसरीकडे ठिणगी देणारा जुना मॅग्नेटो तसाच ठेवला, एक दगा देईल तर दुसरा आहे. असा बदल मोठा असेल तर विमान परत टेस्टिंगमध्ये टाकावं लागतं, कमीत कमी पाच तास पुन्हा एकट्याने.

आता डेन्व्हर यांच्याकडे येतो. तारीख १२ ऑक्टोबर १९९७, जागा माँटेरेचा उपसागर, कॅलिफोर्निया. विमान लाँग-ईझी, त्यांनी स्वतः बनवलेलं नाही, सेकंडहँड घेतलेलं, ताब्यात येऊन एक दोन दिवसच झालेले. अमेरिकन सरकारच्या अपघात तपास मंडळाचा अहवाल सगळ्यांना वाचायला खुला आहे, बुवाने मला त्याच्या गॅरेजात बसून समजावून सांगितला. लाँग-ईझीला दोन टाक्या, डावी उजवी, आणि कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं त्याचा कॉक प्लॅनप्रमाणे पायलटच्या समोर, दोन पायांच्या मध्ये. ज्याने ते विमान बनवलं होतं त्याला कॉकपिटमध्ये पेट्रोलची नळी नको होती. हेतू वाईट नाही, मला पण पटला असता कदाचित. म्हणून त्याने कॉक नेला मागे, पायलटच्या डाव्या खांद्यामागे. आणि त्यावर कुठली खूण नाही, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या काचेवर पण आकडे नाहीत.

आपल्या गाडीचं उदाहरण घ्या. जुन्या बाइकला पेट्रोलचा कॉक डाव्या गुडघ्यापाशी, टाकीच्या खाली. गाडी फटफट करायला लागली की आपण डोळे रस्त्यावरच ठेवतो, डावा हात खाली, चाचपून रिझर्व्हला केलं, चाललो. हा कॉक कोणी मागच्या सीटच्या खाली नेऊन बसवला असता तर? पन्नासच्या स्पीडला, मागे वळून, उजव्या हाताने?

अगदी तेच. त्या विमानात कॉक फिरवायला काठीवरचा उजवा हात सोडायचा, पट्टा सैल करायचा, अंग डावीकडे पूर्ण वळवायचं आणि उजवा हात डाव्या खांद्यामागे न्यायचा. तपास करणाऱ्यांनी तसंच बसून बघितलं तर लक्षात आलं की असं वळताना माणूस आधाराला उजवा पाय ताणतो, आणि उजव्या पायाखाली असतं रडरचं पेडल, विमानाचं नाक उजवीकडे वळवणारं. उडायच्या आधी मेकॅनिकशी बोलणं झालेलं, कॉक हाताला येत नाही म्हणून त्याला लॉकिंग पक्कड लावून लांब करता येतो का हे पण बघितलं, जमलं नाही. मागची पातळी दिसावी म्हणून मेकॅनिकने छोटा आरसा दिला. पेट्रोल भरू का विचारलं तर नको म्हटले, तासभरच उडायचंय. मग समुद्रावर, फार उंची नाही, इंजिन अडखळलं आणि ते कॉककडे वळले असणार. मंडळाने कारण लिहिलंय ते हेच, कॉक फिरवायच्या नादात लक्ष गेलं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि ताबा सुटला. सोबत कॉकची अवघड जागा, खुणा नसणं, पेट्रोल न भरणं, ह्या विमानाची सवय कमी, हे सगळं लिहिलंय. पंख पुढे की मागे ह्याला कुठे दोष दिलेला नाही.

मला ह्यातला तो आरसा विसरता येत नाही. म्हणजे जागा चुकली हे सगळ्यांना दिसत होतं, आणि आपण काय केलं, तर पक्कड आणि आरसा. आमच्या वर्कशॉपमध्ये मी हेच केलंय शंभर वेळा, मशीनचा स्विच गैरसोयीच्या जागी, तर स्विच हलवायच्या ऐवजी त्याला काठी बांधली. कोणी मेलं नाही हे नशीब.

मागच्या वर्षी बुवाने मला विमानात बसवलं. दारापाशी मोठ्या अक्षरात एक्स्पेरिमेंटल लिहिलेलं आणि आत पॅसेंजरसाठी पाटी, की हे विमान हौशी माणसाने बनवलंय आणि नेहमीच्या विमानांच्या सुरक्षेच्या नियमात बसत नाही. ही पाटी कायद्याने लावावीच लागते. बायकोला मी ती वाचून दाखवली नाही, ती खाली उभी राहून हात हलवत होती. मी बसल्या बसल्या आधी कॉक शोधला. कोझीमध्ये दोन सीटच्या मध्ये, पुढे, डावी उजवी स्वच्छ लिहिलेलं. वर गेल्यावर अर्ध्या तासाने बुवाने मला खालचे द्राक्षांचे मळे दाखवता दाखवता हात खाली नेऊन टाकी बदलली, मान पण वळवली नाही, बोलणं पण तोडलं नाही. इंजिनच्या आवाजात तसूभर फरक नाही. मला तर कळलं पण नसतं, मी त्या हाताकडेच बघत होतो म्हणून दिसलं. उतरल्यावर त्याने नाक टेकवून विमान उभं केलं, तुमच्या फोटोसारखं.

लेखाच्या शेवटी म्हटलंय की भारतात असले उद्योग कोणी करत नाही, ते पण बरोबर नाही. बंगलोरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने लाँग-ईझीच्याच डिझाइनवरून एक छोटं कॅनार्ड विमान बनवून १९८७ ला उडवलं, फायबरच्या विमानाचा हात बसवायला, पुढे त्यांचं हंसा नावाचं छोटं विमान आलं ते पण फायबरचंच. आणि आपल्या कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं, कॅनार्ड नाही पण घरगुतीच, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं, आणि नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. गच्चीवर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये! त्यांच्यावर तुम्हीच अर्धं पान करा की एकदा.

पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा, माझ्या पॉलिएस्टरच्या फजितीला लावली तर उत्तमच. फोटोखालची ओळ मात्र पुढच्या रविवारी दुरुस्त करा. बुवाला मी फोटो पाठवला होता, त्याने विचारलं खाली काय लिहिलंय, आणि मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक जुना फायबरवाला
भोसरी, पुणे